प्रतिविषानंतर नवव्या दिवशीचा ताप आणि मेंढीच्या पेशी: एक प्रकरण अभ्यास

घोणस चावल्यावर प्रतिविष घेतलेल्या रुग्णाला आठ-दहा दिवसांनी ताप येतो, प्रयोगशाळा ‘हेटेरोफाइल चाचणी पॉझिटिव्ह’ असा अहवाल देते (रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, मेंढीच्या तांबड्या पेशींना धरतात का ते ही चाचणी पाहते), आणि केसपेपरवर भलतंच निदान लिहिलं जातं. हा घोळ का होतो ते समजून घ्यायचं तर कोणत्या प्राण्याच्या पेशींवर कोणती साखर असते आणि माणसाच्या पेशींवर कोणती नसते, इथपर्यंत जावं लागतं. खालचं प्रकरण अभ्यासासाठी रचलेलं आहे. रुग्ण आणि त्याचे आकडे उदाहरणादाखल आहेत. चाचणीची कृती, मात्रा आणि प्राण्यांमधला साखरेचा फरक मात्र जसा आहे तसाच दिला आहे.

रुग्ण

पन्हाळा तालुक्यातला ४२ वर्षांचा शेतकरी. खोडव्याचा ऊस तोडताना पाचटाखालच्या घोणशीने घोट्याजवळ चावा घेतला. दोन तासांत त्याला कोल्हापुरात आणलं. पाय पोटरीपर्यंत सुजलेला, हिरड्यांतून रक्त. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त घेऊन ती न हलवता २० मिनिटं ठेवली आणि मग तिरपी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवतं, म्हणून असं होतं. (ही नळी काचेचीच हवी आणि साबणाने धुतलेली नको. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेवर गोठत नाही.)

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणाऱ्या प्रतिविषाच्या १० कुप्या सलाइनमधून तासाभरात दिल्या. सहा तासांनी पुन्हा नळी लावली, रक्त गोठलं नाही, म्हणून आणखी १० कुप्या. बाराव्या तासाला गुठळी धरली. लघवी चांगली होती, चौथ्या दिवशी रुग्ण घरी गेला.

नवव्या दिवशी तो परत आला. १०१ अंश ताप, अंगभर पित्ताच्या गांधी, दोन्ही मनगटं आणि गुडघे दुखणारे, जांघेत अवधाण, काखेत आणि मानेत लहान गाठी. घसा थोडा लाल. रक्ताच्या काचपट्टीवर काही मोठ्या, उत्तेजित लिम्फोसाइट पेशी. ताप, गाठी आणि अशा पेशी एकत्र दिसल्यावर ईबीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिसची (पुढे ‘मोनो’) शंका आली आणि हेटेरोफाइल चाचणी सांगितली गेली. मेंढीच्या पेशींवर टायटर, म्हणजे सीरम जितकं पातळ केलं तरी पेशी चिकटतात ती शेवटची विरलता, १:२२४ आलं. मोनोच्या संशयाला १:५६ पुरेसं धरलं जातं.

इथे थांबलं तर रुग्णाला मोनो झाला असं ठरतं आणि गांधींचं खापर दवाखान्यात दिलेल्या एखाद्या गोळीवर फुटतं. या अहवालाचा खरा अर्थ तीन वेगळ्या प्रतिपिंडांत दडलेला असतो. तिन्ही मेंढीच्याच पेशींना धरतात, पण तिघांची धरण्याची जागा वेगळी.

मेंढीच्या पेशीवर काय काय असतं

प्राण्याच्या पेशीच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या साखळ्या असतात आणि पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला सायलिक आम्ल असतं. पृष्ठवंशी प्राण्यांत त्याची दोन रूपं सर्वांत जास्त आढळतात: एन-ॲसिटिल आणि एन-ग्लायकोलिल. पुढे त्यांना एसी आणि जीसी म्हणू. दोघांत फरक एका ऑक्सिजन अणूचा. एसीचा रेणुभार ३०९, जीसीचा ३२५. हा ऑक्सिजन सीएमएएच नावाचं एन्झाइम जोडतं. ज्या प्राण्याकडे ते एन्झाइम चालू आहे त्याच्या पेशींवर जीसी असतं.

मेंढी, बकरी, बैल, म्हैस, डुक्कर, घोडा, गिनीपिग, उंदीर या सगळ्यांकडे ते आहे. माणसाकडे नाही. माणसाच्या सीएमएएच जनुकातला ९२ बेसजोड्यांचा तुकडा गळलेला आहे, त्यामुळे पुढचा संदेश फिसकटतो आणि एन्झाइम बनतच नाही. हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. जपानमध्ये आणि अमेरिकेत अजित वर्की यांच्या गटाने स्वतंत्रपणे हे दाखवलं. चिंपांझीकडे हे एन्झाइम शाबूत आहे, म्हणजे ही गळती आपली वाट चिंपांझीपासून वेगळी झाल्यानंतरची, साधारण २० ते ३० लाख वर्षांपूर्वीची.

हरवलेलं एन्झाइम ही केवळ माणसाची गोष्ट नाही. पक्ष्यांत आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत जीसी जवळजवळ सापडत नाही. दक्षिण अमेरिकेतली माकडं, फेरेट, प्लॅटिपस यांच्याकडेही ते नाही, आणि ते प्रत्येकाने आपापल्या वाटेने गमावलेलं आहे. मांजरात तर यावरच रक्तगट ठरतो: ए गटाच्या मांजराच्या तांबड्या पेशींवर जीसी, बी गटाच्या पेशींवर एसी. कुत्र्यांत पूर्व आशियातल्या काही जातींच्या पेशींवर जीसी असतं, युरोपीय जातींच्या पेशींवर सहसा नसतं. आणि जीसी भरपूर बनवणाऱ्या प्राण्यातही मेंदूत ते नाममात्रच असतं. यकृतात, रक्तात, मांसात भरलेली साखर मेंदूने मात्र कोट्यवधी वर्षं बाहेर ठेवली आहे. याचं नेमकं कारण शोधणं हे या विषयातलं सर्वांत मोलाचं काम आहे असं आम्हाला वाटतं.

या प्रकरणात दोन प्राणी महत्त्वाचे. साप सरपटणारा, म्हणून जीसीचा संशय विषावर घ्यायचं कारण नाही. प्रतिविष मात्र घोड्याच्या रक्तातून बनतं आणि घोड्याच्या रक्तद्रवातल्या प्रथिनांवर जीसी असतं. प्रतिविष बनवताना पेप्सिनने प्रतिपिंडाची शेपटी छाटतात, आणि बहुतेक साखर त्या शेपटीवर असते. तरी काही साखळ्या उरलेल्या भागावरही असतात आणि शुद्धीकरणात घोड्याची इतर प्रथिनं थोडी राहून जातात. वीस कुप्यांतून ती एका दिवसात शिरेत जातात.

मेंढीच्या पेशीवर जीसीखेरीज आणखी एक गोष्ट असते: फोर्समन प्रतिजन (प्रतिजन म्हणजे प्रतिपिंड जिला धरतं ती खूण). हाही साखरेचाच, पण सायलिक आम्लाचा नाही. शेवटी दोन एन-ॲसिटिल-गॅलॅक्टोसअमाइन जोडलेल्या असतात. १९११ मध्ये योन फोर्समन यांनी गिनीपिगच्या अवयवांचा अर्क सशाला टोचला, तर सशाच्या रक्तद्रवाने मेंढीच्या पेशी फोडल्या. गिनीपिगच्या मूत्रपिंडावर आणि मेंढीच्या तांबड्या पेशीवर एकच खूण आहे हे त्यावरून कळलं. घोडा, कुत्रा, मांजर, कोंबडी यांच्यातही हा प्रतिजन आहे. बैल, ससा, उंदीरवर्गातला रॅट आणि बहुतेक माणसं यांच्यात नाही. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात फोर्समनविरुद्ध थोडी प्रतिपिंडं असतातच.

तिसरी जागा म्हणजे मोनोत तयार होणारी पॉल-बनेल प्रतिपिंडं ज्या ग्लायकोप्रथिनाला धरतात ती. पॉल आणि बनेल यांनी १९३२ मध्ये त्यांचं वर्णन केलं. हे ग्लायकोप्रथिन मेंढी, घोडा आणि बैल यांच्या तांबड्या पेशींवर असतं, गिनीपिगच्या मूत्रपिंडावर नसतं.

आणि आपल्या रुग्णासारख्या लोकांच्या रक्तात जे वाढतं त्याला हांगानुत्झिऊ-डायशर प्रतिपिंड म्हणतात. १९२४ मध्ये हांगानुत्झिऊ आणि १९२६ मध्ये डायशर यांना घोड्याचं सीरम टोचलेल्या रुग्णांत ते सापडलं. त्याचं लक्ष्य जीसी आहे हे कळायला १९७० च्या दशकाची अखेर उजाडली.

गिनीपिग आणि बैल यांनी उलगडा कसा होतो

डेव्हिडसन यांची फरक दाखवणारी चाचणी म्हणजे दोन गाळण्या. सीरमचा एक भाग गिनीपिगच्या मूत्रपिंडात मिसळायचा, दुसरा बैलाच्या पेशींत, आणि दोन्हींत काय उरलं ते मेंढीच्या पेशींवर पाहायचं. फोर्समन प्रतिपिंड मूत्रपिंड ओढून घेतं, बैल घेत नाही. पॉल-बनेल प्रतिपिंड बैल ओढून घेतो, मूत्रपिंड घेत नाही. जीसीविरुद्धचं प्रतिपिंड दोन्ही ओढून घेतात, कारण जीसी गिनीपिगवरही आहे आणि बैलावरही.

कृती अशी. रुग्णाचं सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. हे टाळलं तर कॉम्प्लिमेंट (पेशी फोडणारा रक्तातल्या प्रथिनांचा संच) जागा राहतो, पेशी चिकटण्याऐवजी फुटतात, आणि लाल झालेल्या नळीत पुंजके दिसतच नाहीत. मेंढीचं रक्त अल्सेव्हरच्या द्रावात निम्मं-निम्मं घ्या: १०० मिलीत डेक्स्ट्रोज २.०५ ग्रॅम, सोडियम सायट्रेट ०.८ ग्रॅम, मीठ ०.४२ ग्रॅम, सायट्रिक आम्ल ०.०५५ ग्रॅम. ४ अंशांवर ठेवा. वापरण्याआधी सलाइनने तीनदा धुवा, शेवटच्या धुण्यात वरचं पाणी नितळ असलं पाहिजे. मग २ टक्क्यांचं निलंबन (सलाइनमध्ये तरंगत्या पेशी) करा.

पहिल्या नळीत ०.४ मिली सलाइन, बाकीच्या नळ्यांत ०.२५ मिली. पहिलीत ०.१ मिली सीरम घालून मिसळा (१:५), त्यातलं ०.२५ मिली दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं पुढे न्या आणि शेवटच्या नळीतलं ०.२५ मिली टाकून द्या. प्रत्येक नळीत ०.१ मिली पेशी घाला. आता पहिल्या नळीची विरलता १:७, मग १:१४, १:२८, १:५६, १:११२, १:२२४. खोलीच्या तापमानात दोन तास ठेवून, नळी हळूच हलवून वाचा.

गाळणीसाठी ०.२ मिली सीरमला मूत्रपिंडाचं किंवा बैलाच्या पेशींचं १ मिली २० टक्के निलंबन. यात हिशेब चुकतो तो इथे: निलंबनातला ०.२ मिली भाग घन आहे, द्रव फक्त ०.८. म्हणून सीरमची विरलता १:६ न होता १:५ होते आणि तिन्ही ओळी सरळ एकमेकींशी ताडून पाहता येतात. निलंबन कमी घन निघालं तर गाळणीही अपुरी आणि हिशेबही चुकीचा. सेंट्रिफ्यूज नीट झालं नाही तर मूत्रपिंडाचे कण वर राहतात आणि ते पुंजक्यांसारखे दिसतात. म्हणून पेशी न घातलेली एक नळी सोबत ठेवावीच.

मूत्रपिंड आणि बैलाच्या पेशी दोन्ही उकळून वापरल्या जातात, तरी त्या काम करतात. प्रथिनांचे बहुतेक प्रतिजन उकळल्यावर मोडतात. मेदाला जोडलेल्या साखरा मोडत नाहीत, आणि पॉल-बनेलची जागाही उष्णता सोसते.

कोल्हापुरात साहित्य जमवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. मेंढी धनगरांच्या कळपातून सहज मिळते, पण मेंढीगणिक पेशींचा प्रतिसाद कमीजास्त असतो, म्हणून माहीत असलेल्या पॉझिटिव्ह सीरमवर तपासून एकच मेंढी ठरवावी आणि तिचंच रक्त पशुवैद्यकाकडून घेत राहावं. बैलाचं रक्तही जिवंत जनावराच्या मानेच्या शिरेतून पशुवैद्यकानेच काढावं. महाराष्ट्रात गोवंशाच्या कत्तलीला बंदी आहे आणि थोड्या मिलीलिटरसाठी त्याची गरजही नाही. आपल्याकडे म्हशी जास्त, म्हणून म्हशीच्या पेशींवर भागवण्याचा मोह होतो. म्हशीवरही जीसी असतं, पण चाचणीचं कोष्टक बैलाच्या पेशींवर बसवलेलं आहे. मोनोच्या खात्रीच्या सीरमवर म्हशीच्या पेशी आधी तपासल्याशिवाय त्या वापरू नयेत. गिनीपिगसाठी प्राण्यांवरील प्रयोगांच्या समितीची परवानगी लागते, म्हणून बहुतेक ठिकाणी तयार निलंबनच विकत घेतलं जातं.

निकाल

दाखल करताना, प्रतिविष देण्याआधी, रक्तगटासाठी घेतलेल्या नमुन्यातलं थोडं सीरम शिल्लक होतं. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा पुरावा तोच.

| नमुना | न गाळलेलं | मूत्रपिंडानंतर | बैलाच्या पेशींनंतर |
|---|---|---|---|
| प्रतिविषाआधी | १:२८ | १:७ पेक्षा कमी | १:१४ |
| नववा दिवस | १:२२४ | १:७ पेक्षा कमी | १:१४ |
| एक महिना | १:५६ | १:७ पेक्षा कमी | १:१४ |

मूत्रपिंडाने सगळं ओढून घेतलं, म्हणजे मोनो नाही. मोनो असता तर त्या रकान्यात टायटर टिकून राहिलं असतं. बैलानंतर उरलेलं १:१४ हे त्याचं जन्मभराचं फोर्समन प्रतिपिंड. ते तिन्ही वेळा तेवढंच आहे. वाढ झाली ती फक्त बैल आणि गिनीपिग दोघेही ओढून घेतात त्या हिश्श्यात, म्हणजे जीसीविरुद्धच्या प्रतिपिंडात.

पहिल्या ओळीतही जीसीचा थोडा हिस्सा आहे, आणि त्यात नवल नाही. मटणात, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात जीसी येतं, दुधातही थोडं येतं. तान्ह्या मुलाला वरचं अन्न सुरू झाल्यावर पहिल्या वर्षातच ही प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. शाकाहारी माणसातही ती सापडतात. म्हणूनच एकट्या नवव्या दिवसाच्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. सर्पदंशाचा रुग्ण आला की पहिल्या सुईबरोबर २ मिली जास्तीचं रक्त घेऊन सीरम गोठवून ठेवावं. खर्च नाममात्र, आणि प्रतिविष गेल्यानंतर ते कितीही पैसे दिले तरी मिळत नाही.

ईबीव्हीच्या व्हीसीए आयजीएमची (ताज्या लागणीच्या प्रतिपिंडाची) तपासणी निगेटिव्ह आणि ईबीएनए आयजीजी (जुन्या लागणीचं प्रतिपिंड) पॉझिटिव्ह आली, म्हणजे ईबीव्हीची लागण जुनी होती. आपल्याकडे बहुतेकांना ती लहानपणीच होऊन जाते, त्यामुळे चाळिशीतल्या शेतकऱ्यात ताजा मोनो मुळातच विरळा.

एलायझा करायची झाल्यास

एलायझा म्हणजे प्लेटच्या खळग्यांत प्रतिपिंड रंगावरून मोजणारी चाचणी. तिने मेंढीच्या पेशी न वापरता जीसीविरुद्धचं प्रतिपिंड थेट मोजता येतं. एका खळग्यात जीसीची साखळी, शेजारच्यात हुबेहूब तीच साखळी पण टोकाला एसी. दोन्हींच्या वाचनातला फरक म्हणजे त्या एका ऑक्सिजनचा संकेत. पण प्राण्यांमधल्या याच फरकाने चाचणी बिघडतेही. मोकळी जागा झाकायला सवयीने गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन, दुधाची पावडर किंवा वासराचं सीरम वापरलं जातं. या सगळ्या गाईच्या वस्तू, त्यांच्यात जीसी, आणि मग रुग्णाचं प्रतिपिंड झाकणालाच चिकटतं. १ टक्का ओव्हअल्ब्युमिन घ्यावं. ते कोंबडीच्या अंड्याचं, आणि कोंबडी जीसी बनवत नाही. रुग्णाचं प्रतिपिंड ओळखायला वापरलेलं दुसरं प्रतिपिंड बकरीत किंवा सशात बनवलेलं असेल तर त्यावरही जीसी असू शकतं. कोंबडीचं प्रतिपिंड (आयजीवाय) घेतलं तर ही अडचण उरत नाही.

खात्रीसाठी काही खळगे २ मिलीमोलर सोडियम मेटापेरिऑडेटने, बर्फावर, अंधारात २० मिनिटं भिजवावेत. सायलिक आम्लाची शेपटी तुटते. संकेत तिथे कमी झाला नाही तर तो सायलिक आम्लाचा नव्हता. यासाठी सायलिडेज एन्झाइमवर अवलंबून राहू नये, विशेषतः घोड्याच्या नमुन्यात. घोड्याच्या पुष्कळ सायलिक आम्लांवर चौथ्या कार्बनला ॲसिटिल गट लावलेला असतो आणि बहुतेक जिवाणूंची सायलिडेज अशी साखर कापत नाहीत. मग साखर जागेवर असताना ‘सायलिक आम्ल नाही’ असा निष्कर्ष निघतो.

उपचार

निदान सीरम सिकनेस. फोन पिर्के आणि शिक यांनी १९०५ मध्ये याचं सविस्तर वर्णन केलं. प्रतिविषानंतर पहिल्या ते बाराव्या दिवसांत, सरासरी सातव्या दिवसाच्या आसपास हा आजार येतो. घोड्याची प्रथिनं आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं एकत्र चिकटून सांध्यांत, त्वचेत, मूत्रपिंडांत अडकतात. त्यात जीसीविरुद्धच्या प्रतिपिंडाचाही वाटा असू शकतो, पण घोड्याच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडंही तितकीच सामील असतात. वाढलेलं टायटर ही खूण समजावी, आजाराचं एकमेव कारण म्हणू नये, आणि टायटर पाहून औषधाची मात्रा ठरवू नये.

क्लोरफेनिरामिन २ मिलिग्रॅम दर सहा तासांनी, पाच दिवस. ४८ तासांत फरक नाही, म्हणून प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम दर सहा तासांनी, सात दिवस. लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन दोनदा तपासलं, दोन्ही ठीक. सांधे तिसऱ्या दिवशी मोकळे झाले.

केसपेपरवर आधी शंकेने लिहिलेलं ‘मोनो’ आणि ‘गोळीची ॲलर्जी’ दोन्ही खोडली. रुग्णाच्या कार्डावर मराठीत लिहून दिलं: घोड्यापासून बनवलेलं प्रतिविष २० कुप्या, तारीख, नवव्या दिवशी सीरम सिकनेस. त्याखाली: पुन्हा साप चावला तर ताबडतोब रुग्णालयात यावे, प्रतिविषाची गरज असेल तर या आजारामुळे ते टाळू नये, ॲड्रेनालिन हाताशी ठेवून द्यावे. पुढचे तीन-चार महिने कोणी हेटेरोफाइल चाचणी केली तर गाळणीशिवाय तिचा अर्थ लावू नये, हीही ओळ त्याच कार्डावर.